नाशिमे: राणी हिमिकोचा दूत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन जपानचा विषय निघाला की राणी हिमिकोचे नाव हमखास येते; तिच्या वतीने समुद्र ओलांडून चीनच्या दरबारात गेलेला माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. त्याच्याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. मूळ चिनी मजकुरात काय आहे आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्यावरून कोणते तर्क बांधले, या दोन गोष्टी शक्यतो वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण नाशिमेच्या बाबतीतला बहुतेक घोळ त्यांची सरमिसळ केल्यामुळेच झालेला आहे.

नाशिमे कोण होता?

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात जपानी बेटांवर अनेक लहान लहान राज्ये होती आणि त्यांपैकी बरीचशी यामाताइ येथे राहणाऱ्या राणी हिमिकोचे वर्चस्व मानत असत. या साऱ्या प्रदेशाला आणि तेथील लोकांना चिनी लोक ‘वा’ म्हणत. नाशिमे हा हिमिकोचा दरबारी अधिकारी. उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या वेई घराण्याकडे तिने जे पहिले शिष्टमंडळ पाठवले त्याचा तो प्रमुख होता. तोशी गोरी नावाचा दुसरा अधिकारी त्याचा दुय्यम म्हणून सोबत होता. राणीला ‘वेईची मित्र, वा देशाची राजा’ हा किताब मिळाला तो याच शिष्टमंडळामुळे.

त्याच्याविषयीची माहिती कोठून मिळते?

जवळजवळ सगळी माहिती एकाच ठिकाणाहून येते. चेन शोउ (२३३–२९७) या इतिहासकाराने तीन राज्यांच्या कालखंडाचा जो इतिहास लिहिला, त्यातील वेई घराण्याच्या भागात पूर्वेकडील लोकांवर एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणाच्या शेवटी वा लोकांवर सुमारे दोन हजार अक्षरांचा मजकूर आहे. त्यात नाशिमेचे नाव सात वेळा येते आणि त्यांपैकी चार उल्लेख एकट्या बादशाही आज्ञापत्रात आहेत. हे आज्ञापत्र चेन शोउने उतरवून घेतले आहे, त्यामुळे त्याचे मोल मोठे आहे. प्रवाशांच्या ऐकीव गोष्टींत अतिशयोक्ती असू शकते, परंतु कोणाला कोणते पद दिले आणि किती कापड दिले याची सरकारी नोंद सहसा काटेकोर असते. चेन शोउ स्वतः जपानला गेलेला नव्हता, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

‘नाशिमे’ हाच उच्चार बरोबर आहे का?

हा जपानमध्ये रूढ असलेल्या वाचनांपैकी एक उच्चार आहे. परक्या नावाचा आवाज चिनी लेखकाने तीन चिनी अक्षरांत पकडला आणि आज ती अक्षरे नाशोम्मी किंवा नान्शोमाइ अशीही वाचली जातात. पहिल्या अक्षरावरून तो आजच्या फुकुओका परिसरातील ‘ना’ या राज्याचा असावा असे काहींनी सुचवले आहे. केवळ आवाजाच्या साम्यावर उभा असलेला हा तर्क आहे आणि त्याला तेवढेच वजन द्यावे.

त्याचे पद नेमके कोणते होते?

चिनी मजकूर त्याला ‘ताइफु’ म्हणतो. ही चिनी दरबारातली जुनी श्रेणी होती, आणि वा देशाचे दूत चीनमध्ये आले की पूर्वीपासून स्वतःला याच पदाने म्हणवून घेतात, असे चेन शोउने मुद्दाम नोंदवले आहे. इ. स. ५७ मध्ये वेईच्या आधीच्या उत्तरकालीन हान घराण्याच्या दरबारात आलेल्या ‘ना’ राज्याच्या दूतांनीही हेच केले होते. म्हणजे परक्या दरबारात आपली पत कळावी म्हणून तिथल्याच पदांच्या चौकटीत स्वतःला बसवण्याची ही रीत नाशिमेच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षांपासून चालत आलेली होती.

यामाताइच्या चार अधिकाऱ्यांची नावे त्याच मजकुरात उतरत्या क्रमाने दिलेली आहेत आणि त्यांत नाशिमे नाही. या गोष्टीकडे बहुतेक लेखांत दुर्लक्ष होते. ती चार नावे व्यक्तींची नसून पदांची असणे शक्य आहे, आणि तसे असेल तर नाशिमे त्यांपैकी एखाद्या पदावर असूही शकतो. ‘यामाताइचा पंतप्रधान’ असे जे त्याचे वर्णन अधूनमधून वाचायला मिळते त्याला मात्र मजकुरात कसलाही आधार नाही.

तो चीनला नेमका कधी गेला, २३८ मध्ये की २३९ मध्ये?

आज उपलब्ध असलेल्या प्रतींत ‘जिंगचू शकाचे दुसरे वर्ष, सहावा महिना’ असे आहे, म्हणजे इ. स. २३८. तरीही बहुसंख्य अभ्यासक २३९ हे वर्ष धरतात, आणि त्यामागे ठोस कारणे आहेत.

वा देशाचे दूत ज्या वाटेने येत ती वाट कोरियन द्वीपकल्पाच्या पश्चिम भागातील दाइफांग या चिनी प्रांतातून जात होती. हा प्रांत बरीच वर्षे लिआओतुंगच्या गोंगसुन घराण्याच्या ताब्यात होता. २३८ मध्ये वेईचा सेनापती सीमा यी याने गोंगसुन युआनवर स्वारी केली आणि त्या वर्षीच्या आठव्या महिन्यात त्याचा पूर्ण पराभव केला. सहाव्या महिन्यात युद्ध ऐन भरात असताना राणीचे दूत दाइफांगला पोहोचले आणि तेथील वेईच्या सुभेदाराने त्यांना राजधानीकडे रवाना केले, हे पटणे अवघड जाते. शिवाय सातव्या शतकातील लिआंग घराण्याचा इतिहास आणि ७२० मध्ये सिद्ध झालेला जपानचा ‘निहोन शोकी’ हा ग्रंथ, दोन्ही ही घटना जिंगचूच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे २३९ मध्ये झाल्याचे सांगतात.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नाही. सीमा यीची मोहीम चालू असतानाच वेईच्या बादशहाने समुद्रमार्गे गुपचूप माणसे पाठवून दाइफांग आणि लेलांग हे दोन्ही प्रांत ताब्यात घेतले होते, अशी नोंद त्याच ग्रंथात आहे. तरीसुद्धा २३९ हेच वर्ष जास्त जुळते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण त्या गुप्त मोहिमेत नेमलेला दाइफांगचा सुभेदार लिउ शिन होता आणि नाशिमेला पुढे पाठवणारा लिउ शिया हा त्याच्यानंतरचा दिसतो.

हा वाद केवळ एका वर्षाचा नाही. बादशहा काओ रुई २३९ च्या आरंभी वारला आणि काओ फांग हा सात-आठ वर्षांचा मुलगा गादीवर आला. २३८ मान्य केले तर नाशिमेला किताब दिला तो मरणपंथाला लागलेल्या बादशहाने. २३९ मान्य केले तर त्याला समोर बोलावून घेणारा बादशहा एक बालक होता आणि खरा कारभार सीमा यी आणि काओ शुआंग या दोघा पालकांच्या हाती होता.

जपानहून लुओयांगपर्यंतचा प्रवास कसा होत असे?

क्युशू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरून निघून इकी आणि त्सुशिमा ही बेटे टप्प्याटप्प्याने ओलांडायची, मग कोरियाचा दक्षिण किनारा गाठायचा आणि पश्चिम किनाऱ्याने वर दाइफांगपर्यंत जायचे, असा हा मार्ग होता. त्सुशिमा आणि कोरिया यांच्यातील सर्वांत अरुंद पट्टा सुमारे ५० किलोमीटरचा आहे; अंतर फार वाटत नसले तरी तेथील प्रवाह जोरकस आहे. दाइफांगपासून पुढे सुभेदाराची माणसे दूतांना राजधानी लुओयांगपर्यंत घेऊन गेली.

चीनला जाणाऱ्या जहाजांवर वा लोक एक विशिष्ट माणूस नेत असत. तो केस विंचरत नसे, अंगावरच्या उवा काढत नसे, कपडे मळले तरी बदलत नसे, मांस खात नसे, स्त्रीजवळ जात नसे. थोडक्यात सुतकात असल्यासारखा राही. प्रवास सुखरूप पार पडला तर सगळे मिळून त्याला गुलाम आणि मौल्यवान वस्तू देत. कोणी आजारी पडले किंवा वादळात सापडले तर ‘याने नेम नीट पाळला नाही’ असे म्हणून त्याला ठार मारायला निघत. नाशिमेच्या जहाजावरही असा माणूस असणारच. पहिल्या शिष्टमंडळाचा प्रवास सुरळीत झाल्याचे दिसते, तेव्हा त्याचे नशीब चांगले म्हणायचे.

परतीच्या वाटेवरचा महत्त्वाचा मुक्काम म्हणजे इतो, आजच्या फुकुओका जिल्ह्यातील इतोशिमाचा परिसर. येथे राणीने नेमलेला एक वरिष्ठ तपासनीस असे आणि आजूबाजूची राज्ये त्याला वचकून असत. बंदरात उतरलेली प्रत्येक गोष्ट, मग तो खलिता असो की भेटवस्तू, उघडून तपासली जाई आणि मगच राणीकडे रवाना होई, म्हणजे वाटेत काही गहाळ किंवा अदलाबदल होऊ नये. आज्ञापत्रातही देणग्यांची यादी तपासून ताबा घ्यावा अशी सूचना आहे. दोन्ही बाजूंना लेखी हिशेबाची सवय होती, असा याचा अर्थ होतो. इतो परिसरात उत्खननात शाईच्या दगडी दौतींचे तुकडे सापडल्याने या समजुतीला बळ मिळाले आहे.

त्याने बादशहाला काय नजर केले आणि बदल्यात काय मिळाले?

नजराणा साधाच होता: चार पुरुष, सहा स्त्रिया आणि नक्षीदार कापडाचे दोन तागे व वर दोन ‘जांग’, म्हणजे आजच्या मापाने सगळे मिळून सुमारे २४ मीटर कापड. हे स्त्रीपुरुष गुलाम होते की युद्धकैदी, यावर मतभेद आहेत. ती माणसे वस्तूंच्या यादीत मोजली गेली, यावर नाहीत. इ. स. १०७ मध्ये वा देशाच्या दूतांनी हान दरबाराला १६० माणसे दिली होती, त्या तुलनेत नाशिमेचा नजराणा फारच किरकोळ दिसतो.

उलट मिळालेल्या वस्तूंची यादी लांबलचक आहे. नजराण्याची परतफेड म्हणून गुंफलेल्या ड्रॅगनांची नक्षी असलेल्या लाल किनखाबाचे पाच तागे, लाल लोकरी वस्त्रे दहा, मंजिष्ठेच्या रंगातल्या लाल रेशमाचे पन्नास तागे आणि गडद निळ्याचे पन्नास तागे. शिवाय राणीला खास म्हणून निळ्या किनखाबाचे तीन तागे, बारीक फुलांची नक्षी असलेली लोकरी वस्त्रे पाच, पांढऱ्या रेशमाचे पन्नास तागे, आठ ‘लिआंग’ (एक चिनी वजन) सोने, पाच चिनी फूट, म्हणजे सुमारे सव्वा मीटर लांबीच्या दोन तलवारी, शंभर ब्राँझचे आरसे, आणि मोती व शेंदूर प्रत्येकी पन्नास ‘जिन’, म्हणजे अंदाजे अकरा-अकरा किलो. ज्याला मोती म्हटले आहे तो हिंगूळ असावा, असेही काहींचे मत आहे.

या सगळ्याचा हेतू आज्ञापत्रातच स्पष्ट सांगितला आहे: या वस्तू तुझ्या देशातील लोकांना दाखव, म्हणजे आमचा तुझ्यावर लोभ आहे हे त्यांना कळेल. आपापसांत भांडणाऱ्या राज्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या राणीला सैन्यापेक्षा अशा दिखाऊ वस्तूंचा उपयोग अधिक होता.

नाशिमेला स्वतःला काय मिळाले?

त्याला ‘सन्मार्गाकडे नेणारा सरदार’ अशा अर्थाचा लष्करी किताब, चांदीची मुद्रा आणि तिला ओवायची निळी फीत मिळाली. राणीची मुद्रा सोन्याची आणि फीत जांभळी होती. तोशी गोरीचा किताब एक पायरी खालचा, परंतु चांदीची मुद्रा त्यालाही मिळाली. या मुद्रांपैकी एकही अद्याप सापडलेली नाही. जपानात मिळालेली प्रसिद्ध सोन्याची मुद्रा १७८४ मध्ये शिकानोशिमा बेटावर सापडली; ती इ. स. ५७ च्या दूतांशी जोडली जाते आणि तिचा नाशिमेशी संबंध नाही, हे येथे सांगणे भाग आहे, कारण ही चूक वारंवार होते.

किताबाची सनद आणि मुद्रा २४० मध्ये दाइफांगचा नवा सुभेदार गोंग झुन याने ‘ती जुन’ नावाच्या अधिकाऱ्याबरोबर वा देशात पोहोचवल्या.

इतक्या दूरच्या राज्याला वेई दरबाराने एवढा मान का दिला?

त्या काळी चीन तीन राज्यांत विभागलेला होता. वा देश हा कुआइजी प्रदेशाच्या पूर्वेला, म्हणजे दक्षिणेतील वू राज्याच्या पाठीमागे समुद्रात असावा, अशी वेईच्या लोकांची समजूत होती आणि ती चेन शोउच्या मजकुरात नोंदलेली आहे. वूचा राजा सुन छुआन याने २३० मध्ये पूर्वेकडील बेटे शोधण्यासाठी मोठे आरमार धाडले होते. तेव्हा शत्रूच्या पिछाडीला असलेली राणी आपल्या बाजूची असणे वेईला सोयीचे होते. हा भूगोल चुकीचा होता, पण राजकारण त्याच नकाशावर चालले होते.

मराठी वाचकाला एक धागा येथे जवळचा वाटेल. ‘वेईचा मित्र’ असा किताब याच घराण्याने त्याआधी आणखी एका दूरच्या राज्यकर्त्याला दिलेला होता. २२९ च्या अखेरच्या महिन्यात, म्हणजे इंग्रजी कालगणनेने २३० च्या आरंभी, महान युएझींचा, अर्थात कुषाणांचा राजा ‘बोदिआओ’ याला तो मिळाला, आणि हा राजा म्हणजे मथुरेच्या शिलालेखांतून आपल्याला माहीत असलेला वासुदेव, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कुषाण हे पश्चिमेकडील शू राज्याच्या पलीकडे आणि वा हे वूच्या पलीकडे, अशी ही मांडणी होती.

घरच्या राजकारणाचाही भाग होता. नाशिमेचे येणे हे सीमा यीच्या लिआओतुंग विजयाचे फळ म्हणून दाखवता येत होते. चेन शोउने लिहिले ते सीमा यीच्या वंशजांनी वेईनंतर स्थापलेल्या जिन राजवटीत, त्यामुळे त्याने या प्रसंगाला इतकी जागा का दिली असावी याचा अंदाज बांधता येतो.

पिवळ्या ध्वजाचे प्रकरण काय आहे?

नाशिमेच्या चरित्रातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे. २४५ मध्ये बादशहाने नाशिमेला एक पिवळा ध्वज देण्याची आज्ञा केली. तो राणीला नव्हे, नाशिमेच्या नावाने देण्यात आला. पिवळा हा वेई घराण्याचा रंग. छत्रपतींकडून सेनापतीला जरीपटका मिळावा, तसाच या ध्वजाचा अर्थ होता. ज्याच्या हाती तो ध्वज, त्याच्या पाठीशी वेईची लष्करी सत्ता.

ध्वज मात्र दाइफांगमध्येच अडकून पडला. कोरियातील हान नावाच्या स्थानिक जमातींशी लढाई पेटली आणि तीत सुभेदार गोंग झुन मारला गेला. २४७ मध्ये वांग छी नवा सुभेदार म्हणून रुजू झाला, तेव्हा राणीची माणसे त्याच्यापुढे तक्रार घेऊन उभी होती: कुना या राज्याचा राजा हिमिकुको याच्याशी राणीचे पूर्वीपासून वैर होते आणि आता उघड लढाई सुरू झाली होती. वांग छीने सीमेवरील कारभार पाहणारा झांग झेंग नावाचा अधिकारी पाठवला. त्याने आज्ञापत्र आणि तो पिवळा ध्वज नाशिमेच्या स्वाधीन केला आणि एक जाहीरनामा काढून सर्वांना समज दिली. सैन्य पाठवल्याचा उल्लेख नाही. वेईने दिले ते कागद आणि कापड.

याच्या लगेच पुढचे वाक्य हिमिकोच्या मृत्यूचे आहे. त्यातील एका अक्षरामुळे ‘त्यानंतर ती वारली’ आणि ‘ती तोवर वारलेली होती’ असे दोन्ही अर्थ निघतात. दुसरा अर्थ घेतला तर ध्वज नाशिमेच्या हाती का दिला याचा उलगडा आपोआप होतो. परंतु ध्वजाची आज्ञा २४५ चीच आहे आणि २४७ मध्ये तक्रार घेऊन आलेली माणसे राणीच्या नावानेच आली होती, त्यामुळे हा उलगडा वाटतो तितका सरळ नाही. वेईच्या दृष्टीने नाशिमे हा आधीच त्यांच्या किताबाचा धनी होता, त्यांच्या लष्करी श्रेणीत बसलेला होता. ध्वज अशाच माणसाला देता येतो, एवढे साधे कारण पुरेसे आहे.

मग खरा राज्यकर्ता नाशिमेच होता का?

असा दावा अधूनमधून केला जातो. हिमिको लोकांच्या नजरेस क्वचितच पडत असे, तिच्या सेवेला हजार दासी होत्या, एकच पुरुष तिला अन्न नेऊन देई आणि तिचे शब्द बाहेर पोहोचवी, आणि राज्यकारभारात तिचा धाकटा भाऊ मदत करी, असे वर्णन आहे. त्यावरून तो भाऊ किंवा तो पुरुष म्हणजेच नाशिमे, अशी जुळवाजुळव करण्याचा मोह होतो. मजकुरात ती जुळवणी कोठेही नाही. ज्याला रोज राणीचे शब्द बाहेर पोहोचवायचे आहेत, त्याने कित्येक महिने परदेशी राहणेही सयुक्तिक दिसत नाही.

हिमिकोनंतर एका पुरुषाला राजा केले गेले, लोकांनी त्याला मानले नाही, हजाराहून अधिक माणसे कापली गेली, आणि अखेर हिमिकोच्या नात्यातील तेरा वर्षांच्या इयोला गादीवर बसवल्यावर शांतता झाली. तो अल्पकाळचा राजा नाशिमे असावा ही कल्पनाही काहींनी मांडली आहे. त्या राजाचे नाव दिलेले नाही. नाशिमेचे नाव लेखकाला चांगले माहीत असताना ते तेथे न येणे हे या कल्पनेच्या विरोधात जाते. इयोने झांग झेंगला परत पोहोचवण्यासाठी वीस जणांचे शिष्टमंडळ पाठवले, त्याचा प्रमुख एकियाकु होता. हा २४३ च्या दुसऱ्या शिष्टमंडळात चीनला जाऊन आलेला आणि नाशिमेचाच किताब मिळवलेला अधिकारी. नाशिमेचा शेवटचा उल्लेख ध्वजापाशी संपतो.

जपानच्या स्वतःच्या ग्रंथांत तो आढळतो का?

एका टिपेपुरता. ‘निहोन शोकी’मध्ये सम्राज्ञी जिंगूच्या कारकिर्दीत वेईचा इतिहास उद्धृत केला आहे आणि तेथे त्याचे नाव एका अक्षराच्या फरकाने ‘नान्तोमाइ’ असे लिहिले गेले आहे. संकलकांना जिंगू आणि हिमिको यांचा काळ जुळवून दाखवायचा होता, हे उघड आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी नाइतो कोनान या इतिहासकारांनी नाशिमे म्हणजे दंतकथेतील ताजिमामोरी, जो सम्राट सुइनिनच्या आज्ञेवरून सुगंधी फळ आणायला दूरदेशी गेला, असे सुचवले होते. कल्पना रंजक आहे, तिच्यापुढे पुरावा नाही.

त्याने आणलेले शंभर आरसे सापडले आहेत का?

जपानातील प्राचीन थडग्यांत त्रिकोणी काठाचे, देव आणि प्राणी कोरलेले आरसे मोठ्या संख्येने मिळतात. एकट्या नारा जिल्ह्यातील कुरोझुका थडग्यात असे ३३ आरसे निघाले. शिमाने जिल्ह्यातील कामिहारा देवस्थानाजवळच्या थडग्यातील आरशावर ‘जिंगचूचे तिसरे वर्ष’ असे कोरलेले आहे. हेच नाशिमेने आणलेले आरसे, असे अनेकांना वाटते. अडचण अशी की या प्रकारचे पाचशेहून अधिक आरसे आता हाती आहेत, जेव्हा दिलेले शंभरच होते, आणि चीनमध्ये असे आरसे मिळत नाहीत म्हणून ते जपानातच घडवले गेले असे मानणारा पक्षही मजबूत आहे. फुकुचियामा येथील एका आरशावर तर ‘जिंगचूचे चौथे वर्ष’ आहे. शक बदलल्यामुळे असे वर्ष चीनमध्ये झालेच नाही.

त्याच्या मार्गावरची कोणती ठिकाणे आज पाहता येतात?

इकी बेटावरील हारु-नो-त्सुजी हे तेव्हाच्या इकी राज्याच्या राजधानीचे स्थळ मानले जाते. तेथे जहाजे लावायच्या प्राचीन धक्क्याचे अवशेष निघाले आहेत. इतोशिमा येथील संग्रहालयात हिराबारु थडग्यातील आरसे आहेत, त्यांतील सर्वांत मोठ्यांचा व्यास ४६.५ सेंटिमीटर आहे. ते नाशिमेच्या काळापेक्षा थोडे आधीचे धरले जातात. यामाताइ स्वतः कोठे होती, क्युशूमध्ये की नाराच्या मैदानात, हा वाद १९१० पासून जोरात चालू आहे. नारा पक्षाचे लोक साकुराइ येथील माकिमुकु स्थळाकडे आणि तेथील सुमारे २८० मीटर लांबीच्या हाशिहाका थडग्याकडे बोट दाखवतात. नाशिमेचा समुद्रमार्ग मात्र या वादाने बदलत नाही. क्युशू असो की नारा, इतोच्या बंदरात त्याला सामान उघडून दाखवावेच लागले असणार.